मासे धरा, पण खाऊ नका

आमचे बाबा मालवणचे. ताटात मासा नसेल तर त्या जेवणाला ते जेवण म्हणत नाहीत, आणि मासा ताजा की शिळा या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. २०११ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने आमच्याकडे कॅरीला राहायला आले होते. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले, मग बाबा कंटाळले. इथे गाडीशिवाय हलता येत नाही, बसायला कट्टा नाही, फिरायला बाजार नाही. म्हणून मी ऑफिसातून आलो की त्यांना घेऊन बाहेर पडायचो. कॅरीतून ब्लॅक क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने एक पायवाट जाते, ती थेट लेक क्रॅबट्री नावाच्या तळ्यावर निघते. तळं म्हणायचं एवढंच, चांगला पाचशे एकरांचा जलाशय आहे. भोवती पाइनची झाडं, वरून रॉली-डरहॅमच्या विमानतळावर उतरणारी विमानं, आणि काठावर गळ टाकून बसलेली माणसं.

गळ दिसल्यावर बाबांची कळी खुलली. भाषेचा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. एका माणसाच्या बादलीत डोकावून त्यांनी मान डोलावली, त्यानेही हसून मान डोलावली. मग बाबांची नजर शेजारच्या पाटीवर गेली. इंग्रजी त्यांना वाचता येतं. इथे पकडलेले मासे खाण्याबद्दल इशारा होता, कार्प आणि कॅटफिश तर मुळीच खाऊ नका असं म्हटलेलं होतं.

"खावचे नाय तर मगे धरतत कित्याक?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, इकडे लोक हौस म्हणून मासे धरतात आणि परत पाण्यात सोडतात."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. पण दुसरा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. "आणि पाण्यात काय आहे ते?"

मी व्यवसायाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यामुळे उत्तर अर्धंमुर्धं माहीत होतं. पाण्यात पीसीबी आहे, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल. "मग ट्रान्सफॉर्मरचं तेल तळ्यात कुणी घातलं?" या तिसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला बसलो तेव्हा कळलं, की कॅरीच्या वेशीवरच्या या तळ्यातून एक वाट थेट अमेरिकेच्या इतिहासात जाते, आणि तिचा एक छोटा फाटा माझ्या स्वतःच्या सहीपर्यंत येतो. आज तेच सांगायचं आहे.

आधी थोडं या तेलाविषयी. तांत्रिक आहे, पण घाबरू नका.

ट्रान्सफॉर्मर चालताना तापतो. आतली वेटोळी थंड ठेवायला आणि ठिणगी उडू नये म्हणून तो तेलात बुडवलेला असतो. साधं खनिज तेल वापरलं तर ते पेट घेऊ शकतं. १९२९ पासून अमेरिकेत एक नवा पदार्थ कारखान्यात बनू लागला, जो जळत नाही, सडत नाही, गंजत नाही, उष्णतेने सहजासहजी मोडत नाही. हेच ते पीसीबी. इंजिनिअर मंडळी खूश झाली. हॉस्पिटलं, शाळा, उंच इमारती अशा आगीची भीती असलेल्या ठिकाणी ते वापरलं जाऊ लागलं. अमेरिकेत ते बनवायची मोन्सँटो ही कंपनी. आमच्या धंद्यात ज्याला उत्तम माल म्हणतात, म्हणजे वर्षानुवर्षं जसाच्या तसा टिकणारा, तसा हा माल होता. पण ट्रान्सफॉर्मरच्या आत जो गुण, तोच बाहेर सांडल्यावर अवगुण. न मोडणारी वस्तू जमिनीतही मोडत नाही. ती पाण्यात फारशी विरघळत नाही, चरबीत मात्र मुरते. ओढ्याच्या गाळात बसते, गाळातल्या किड्यांत जाते, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात, आणि प्रत्येक पायरीवर तिचं प्रमाण वाढत जातं. म्हणून तळाशी चरणारे आणि अंगात चरबी असलेले कार्प, कॅटफिश सगळ्यात वाईट.

हे जगाला कळलं ते १९६६ मध्ये. स्वीडनचा सोरेन येन्सन हा रसायनशास्त्रज्ञ डीडीटी शोधत होता, आणि प्रत्येक नमुन्यात त्याला काही अनोळखी रेषा दिसत होत्या. त्या रेषा पीसीबीच्या निघाल्या. माशांत सापडल्या, गरुडात सापडल्या, आणि मग त्याने घरातल्या माणसांचे केस तपासले तर बायकोच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही सापडल्या. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, जपानात याहून भयंकर प्रकार झाला. तांदळाच्या कोंड्याचं खाद्यतेल बनवणाऱ्या एका कारखान्यात तेल गरम करायला नळ्यांतून पीसीबी फिरवत असत. नळी गळली आणि पीसीबी खाण्याच्या तेलात गेलं. आधी कोंबड्या मेल्या, लाखोंनी. कोंबड्यांच्या खाद्यात त्याच कारखान्याचा उरलासुरला माल होता. मग माणसांच्या अंगावर पुटकुळ्या उठल्या, कातडी काळवंडली, बायकांना काळसर कातडीची बाळं झाली. हजारो लोकांनी विषबाधेची तक्रार नोंदवली. जपानीत या रोगाला 'युशो' म्हणतात, म्हणजे तेलाचा आजार.

यानंतर अमेरिका जागी झाली. १९७६ मध्ये विषारी रसायनांचा कायदा झाला, मोन्सँटोने १९७७ मध्ये उत्पादन थांबवलं, १९७९ पासून बंदी लागू झाली. आणि आमच्या गोष्टीला महत्त्वाचं म्हणजे १९७८ मध्ये जुन्या पीसीबीची विल्हेवाट कशी लावायची याचे कडक नियम आले. नियम आले म्हणजे खर्च आला.

रॉलीच्या विमानतळाजवळ, आमच्या तळ्यापासून काही मैलांवर, वॉर्ड ट्रान्सफॉर्मर नावाची कंपनी होती. जुने ट्रान्सफॉर्मर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे हा तिचा धंदा. तेल काढून ठेवलेलं होतं, पण नियमाप्रमाणे विल्हेवाट लावायची तर भरपूर पैसे मोजावे लागणार. मालक रॉबर्ट वॉर्ड याची न्यूयॉर्क राज्यातल्या रॉबर्ट बर्न्स या माणसाशी ओळख होती. बर्न्सने हे काम अंगावर घेतलं.

त्याने काय केलं? एक टँकर ट्रक घेतला, खाली नळ बसवला, आणि १९७८ च्या जून ते ऑगस्टमध्ये तो आणि त्याची दोन मुलं रात्रीच्या वेळी नॉर्थ कॅरोलायनाच्या गावाकडच्या रस्त्यांवरून तो ट्रक चालवू लागली. ट्रक रस्त्याच्या कडेकडेने जायचा, आतून नळ उघडायचा, तेल कडेच्या गवतावर सांडत जायचं. १४ जिल्हे, सुमारे २४० मैल. म्हणजे जवळजवळ ३८५ किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूरपर्यंत हायवेच्या कडेला कुणी विषाची रेघ ओढत गेला असं समजा. तेल होतं ३१ हजार गॅलन, म्हणजे आपल्या सोसायट्यांना पाणी टाकणारे दहा हजार लिटरचे टँकर असतात, तसे जवळपास बारा टँकर.

मला या प्रसंगात राहून राहून त्या नळाचं आश्चर्य वाटतं. स्फोट नाही, गळती नाही, अपघात नाही. एका माणसाचा हात नळावर आणि बाप-लेक मिळून रोज रात्री कामाला निघालेले, जणू वर्तमानपत्रं टाकायला चाललेत.

लोकांच्या लक्षात आलं ते वासामुळे. रस्त्याकडेचं गवत करपलं, घाण वास येऊ लागला. सरकारने माती तपासली, कडेला इशाऱ्याच्या पाट्या लावल्या, गुन्हेगार सापडले. बर्न्स आणि त्याची मुलं दोषी ठरली, वॉर्डही फेडरल कोर्टात दोषी ठरला, आणि १९८२ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. कायद्याच्या बाजूने प्रकरण तिथे मिटलं.

पण माती तशीच पडून होती. एक-दोन नव्हे, चार वर्षं. शेतं, घरं, शाळेच्या बसथांब्यांना लागून.

गोष्टीचा हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे. विषारी माती उकरून कुठेतरी पुरायची होती. हजारो ट्रक माती. राज्य सरकारने १९७८ च्या डिसेंबरमध्ये जागा जाहीर केली. वॉरन काउंटीतलं अॅफ्टन हे खेडं. कॅरीहून ईशान्येला, व्हर्जिनियाच्या हद्दीकडे, गाडीने सव्वा-दीड तास. तंबाखूची शेतं, लाल माती, गरीब वस्ती. राज्यात काळ्या लोकांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक. बहुतेक लोक विहिरीचं पाणी पिणारे. नियम असा होता की असा खड्डा आणि भूजल यांच्यात ५० फूट अंतर हवं. अॅफ्टनला पाणी त्यापेक्षा पुष्कळच वर होतं. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, त्या नियमातून सूट दिली. तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित आहे, खाली प्लॅस्टिकचं अस्तर आणि चिकणमाती घालणार आहोत, असं सांगण्यात आलं. मी इंजिनिअर आहे, म्हणून हे वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं. नकाशावर सगळं नीट बसवून दाखवणं आम्हाला फार चांगलं जमतं.

अॅफ्टनच्या लोकांनी सगळे सभ्य मार्ग वापरले. सभा घेतल्या, केन आणि डेबोरा फेरुचियो या गोऱ्या जोडप्याच्या पुढाकाराने समिती केली, कोर्टात गेले. चार वर्षं गेली. कोर्टात हरले. १५ सप्टेंबर १९८२ ला मातीचे पहिले ट्रक निघाले.

त्या दिवशी कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमधून लोक चालत निघाले आणि रस्त्यावर आडवे झाले. अक्षरशः ट्रकच्या पुढे डांबरावर झोपले. पोलिसांनी उचलून व्हॅनमध्ये घातलं, दुसऱ्या दिवशी दुसरे आले. हे सुमारे सहा आठवडे चाललं. पाचशेपेक्षा जास्त अटका झाल्या. त्यात पाद्री होते, शेतकरी होते, म्हाताऱ्या बायका होत्या, शाळेतली पोरं होती. डॉली बरवेल नावाच्या एका बाईंनी सगळ्यांना एकत्र आणण्यात मोठं काम केलं. त्या स्वतः अनेकदा पकडल्या गेल्या, आणि त्यांची लहान मुलगीसुद्धा. वॉशिंग्टनहून वॉल्टर फॉन्ट्रॉय हे काँग्रेसचे सदस्य आले, तेही पकडले गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बरोबरचे जुने लोक आले. काळे आणि गोरे शेजारी एकत्र चालले. अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि १९८२ मध्ये हे काही सोपं नव्हतं.

ट्रक थांबले का? नाही. सगळी माती अॅफ्टनला गेली. सुमारे सात हजार ट्रक. लढाई हरली.

पण फॉन्ट्रॉय यांनी परत जाऊन सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाला काम लावलं. १९८३ चा अहवाल आला. आग्नेय भागातल्या राज्यांत घातक कचऱ्याचे मोठे चार खड्डे होते, त्यातले तीन काळ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत. १९८७ मध्ये एका चर्च संघटनेने सगळ्या देशाचा अभ्यास केला आणि कचरा कुठे जातो याचा वंशाशी संबंध आहे हे आकड्यांत मांडलं. 'एन्व्हायर्नमेंटल जस्टिस' हा शब्द चळवळीचं नाव झाला. १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी या विषयावर सरकारी आदेश काढला. तो आदेश तीस वर्षं टिकला आणि जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला गेला. अमेरिकेत कागदावरचं कागदावर किती दिवस राहील याची खात्री देता येत नाही. आपल्याकडे तरी कुठे देता येते, असो. त्याच १९८२ च्या निवडणुकीत वॉरन काउंटीत एव्हा क्लेटन या काळ्या बाई कमिशनर झाल्या आणि दहा वर्षांनी वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेल्या. नॉर्थ कॅरोलायनातून काँग्रेसमध्ये गेलेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. ट्रकसमोर झोपल्याने ट्रक थांबले नाहीत, पण लोकांनी मतदार याद्यांत नावं घातली.

आणि खड्ड्याचं काय झालं? गव्हर्नर जिम हंट यांनी १९८२ मध्येच शब्द दिला होता की तंत्रज्ञान आलं की माती निर्विष करू. १९९३ मध्ये कळलं की कोरडा राहणार म्हणून सांगितलेल्या त्या खड्ड्यात लाखो गॅलन पाणी साचलंय. अॅफ्टनच्या लोकांनी त्या जुन्या शब्दाचा पाठपुरावा सोडला नाही. सतत वीस वर्षं. शेवटी २००३ मध्ये ती सगळी माती भट्टीत तापवून तिच्यातलं पीसीबी काढलं गेलं. खर्च पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास. वॉर्डला विल्हेवाटीचे जे पैसे वाचवायचे होते, त्याच्या कित्येक पट. मी एका शनिवारी मुद्दाम अॅफ्टनला जाऊन आलो. रस्त्याकडेला राज्य सरकारची इतिहासाची पाटी आहे, तशा पाट्या इकडे लढायांच्या आणि जुन्या वाड्यांच्या असतात. बाकी शांत. एक कुत्रा भुंकला.

आता परत आमच्या तळ्याकडे. वॉर्ड कंपनीच्या आवारातच इतक्या वर्षांत इतकं तेल सांडलं होतं की पावसाबरोबर ते लिटल ब्रायर नावाच्या ओढ्यात, तिथून ब्रायर क्रीकमध्ये आणि तिथून लेक क्रॅबट्रीत येत राहिलं. हे तळं पूर थोपवायला १९८० च्या दशकात बांधलेलं. म्हणजे विष आधी, तळं नंतर. २००३ मध्ये ईपीएने कंपनीची जागा देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत घातली, ज्यांना इथे सुपरफंड म्हणतात. पुढची काही वर्षं तिथली माती उकरून भट्टीत तापवली गेली. पण ओढ्यांच्या आणि तळ्याच्या तळाशी जे बसलंय ते बसलंय. बाबांना मी एवढंच दिलासा म्हणून सांगितलं की कॅरीच्या नळाला येणारं पाणी या तळ्यातलं नाही, जॉर्डन लेकचं आहे. काठावर गळ टाकणाऱ्यांत मेक्सिकोकडचे, व्हिएतनामकडचे असे लोकही असतात. सगळेच काही हौस म्हणून बसत नाहीत. बादलीतला मासा परत पाण्यात जातो की घरी, हे पाटी पाहू शकत नाही.

इथवर सांगून थांबलो असतो तर गोष्ट साहेबाच्या देशातली राहिली असती. वॉर्ड वाईट, बर्न्स वाईट, अॅफ्टनचे लोक थोर. पण मी जेव्हा १९७८ ची ती हकीकत पहिल्यांदा वाचली, त्या रात्री मला झोप लागली नाही. मला पाच ड्रम आठवले.

इंजिनिअर झाल्यावर माझी पहिली नोकरी कोल्हापूरच्या बाजूच्या एका कारखान्यात होती. नाव सांगत नाही. वय बावीस. देखभाल खात्यात होतो. आमच्या सबस्टेशनमध्ये एक जुना ट्रान्सफॉर्मर होता, परदेशी बनावटीचा, नेमप्लेटवरची अक्षरं पुसत आलेली. त्याच्या तेलाची चाचणी घेतली, विद्युतरोध कमी आला, साहेबांनी सांगितलं तेल बदला. कंत्राटदार फिल्टर मशीन घेऊन आला, जुनं तेल काढलं, नवं भरलं. जुन्याचे पाच ड्रम भरले. दोन दिवसांनी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. गेटपासवर देखभाल खात्याची सही लागत असे. ती मी केली.

मी टेम्पोवाल्याला विचारलं होतं, हे तेल जातं कुठे? तो म्हणाला, "साहेब, शटरिंगला लावतात." म्हणजे स्लॅब टाकताना फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून. आणि आमच्या खात्यातला एक वायरमन हसून म्हणाला, "थोडं आमाला पण ठेवा साहेब, गुडघ्याला चांगलं असतंय." त्याने खरंच एका बाटलीत घेतलं. त्याची आई रात्री गुडघ्याला चोळत असे. मी हसलो होतो. सही केली आणि चहाला गेलो.

आता माहितगार लोक म्हणतील की भारतात बहुतेक ट्रान्सफॉर्मरमध्ये साधं खनिज तेलच असायचं. खरं आहे. तेही असंच असण्याची शक्यता जास्त. पण परदेशी बनावटीच्या जुन्या यंत्रांत पीसीबी असे, आणि एकच फिल्टर मशीन या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरतं, तेव्हा एका ठिकाणचं पीसीबी दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या तेलात जातं. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पण १९६८ ची जपानची गोष्ट तेव्हा पंचवीस-तीस वर्षं जुनी झाली होती. ती शोधायची तर सापडली असती. मी शोधली नाही. आणि नेमप्लेट पुसट होती, तर ती घासून वाचायला पाच मिनिटं लागली असती. आपल्या सरकारने २०१६ मध्ये आदेश काढला, त्यात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पीसीबीचा वापर पूर्ण बंद करायचं ठरलं. तो आदेश मी वाचला तेव्हा त्या बाईंचे गुडघे डोळ्यांसमोर आले. त्या हयात नसतील आता. त्यांना काही झालं का, झालं तर त्या तेलाने का, हे कधीच कळणार नाही. हीच तर या पदार्थाची लबाडी आहे.

पर्यावरणाची वैयक्तिक जबाबदारी म्हटलं की आपल्याला कापडी पिशवी आणि नळ बंद करणं आठवतं. मीही अनेक वर्षं तसंच समजत होतो, आणि त्यात थोडं समाधानही मानत होतो. बर्न्सच्या गोष्टीने माझं ते समाधान गेलं. आपली खरी जबाबदारी बहुधा घरच्या कचऱ्याच्या डब्याशी येत नाही. ती एखाद्या कंटाळवाण्या दुपारी, कामाच्या ठिकाणी, एका गेटपासवर येते, आणि तेव्हा ती जबाबदारीसारखी दिसत नाही, नुसती सही दिसते.

दुसरी गोष्ट मला टोचते ती अॅफ्टनची. आपण पुण्याचे लोक (मी नोकरीसाठी पुढे सहा वर्षं पुण्यात होतो) घरचा कचरा बादलीत भरून दारात ठेवत होतो. ती बादली रिकामी झाली की आपल्यापुरतं काम संपलं. ती जायची उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि त्यानंतर गावकऱ्यांनी तीन आठवडे पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी अशी होती की पुण्यात कचरा साठलाय, दुर्गंधी पसरलीय. पुण्यातल्या मित्रांच्या मेलमध्येही हाच सूर, "गावकरी अडून बसलेत." मी तेव्हा अॅफ्टनबद्दल वाचत होतो, आणि १९८२ च्या अॅफ्टनबद्दल रॉलीतही लोक बहुधा हेच म्हणत असतील असं मनात आलं. माझी कॅरीतली काळी पिशवीही आता अॅपेक्स गावाच्या कडेला असलेल्या साउथ वेक कचराभूमीत जाते. तिथल्या शेजाऱ्यांची वासाची तक्रार असते. मी तिकडून गाडी नेताना काच वर करतो. खोटं कशाला सांगू.

कॅरी हे तसं शिस्तीचं गाव आहे. रॉलीकर त्याची चेष्टा करतात, सगळी घरं एकसारखी म्हणून. पण इथे एक सोय मला मनापासून आवडते. घरचं तळणीचं उरलेलं तेल, झाकण पक्कं लावलेल्या डब्यात भरून नगरपालिकेला कळवलं की ते दारातून घेऊन जातात, आणि त्याचं बायोडिझेल होतं. तेल सिंकमध्ये ओतलं की गटारात थिजून चोंदतं, आणि मग मैलापाणी वर येऊन ओढ्यात जातं, म्हणून ही सोय. ओढा म्हणजे तोच, ब्लॅक क्रीक. पहिली तीन वर्षं मी अपार्टमेंटमध्ये राहत होतो तेव्हा गरम पाणी सोडून खुशाल सिंकमध्ये ओतत होतो. माझ्या डोक्यात सिंक म्हणजे पृथ्वीचा शेवट होता. त्याच्या पलीकडे काही नाही.

दिवाळीत आमच्याकडे चकल्या, शंकरपाळी, करंज्या असं सगळं तळण होतं. बायको हौशी आहे, मित्रमंडळी खाणारी आहेत. मागच्या दिवाळीनंतर दीड गॅलन तेल उरलं. मुलगी कॉलेजातून सुट्टीवर आली होती, तिने गाळणीने गाळून दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलं. भरताना तिने विचारलं, "बाबा, हे लोक खरंच बायोडिझेल करतात, की नेऊन कुठेतरी ओतून देतात?"

मी तिला गप्प बसवणार होतो. मग नगरपालिकेला फोन लावला आणि विचारलं. पलीकडच्या बाई आधी गोंधळल्या, बहुधा असं कुणी विचारत नसावं. मग त्यांनी चौकशी करून दुसऱ्या दिवशी परत फोन केला, तेल कुठे जातं ते नीट सांगितलं, आणि विचारल्याबद्दल आभारही मानले. पाच ड्रमांच्या वेळी कारखान्यात ना माझ्याकडे फोन नव्हता ना पलीकडे कुणी बाई नव्हती असं मी स्वतःला सांगून पाहिलं. फोन होता. टेबलावरच होता.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, मालवणलाच असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. तब्येत, पाऊस, सुरमईचे भाव या क्रमाने बोलणं होतं, आणि वर्षातून एकदोनदा ते न चुकता विचारतात, "तेंच्या तळ्यातले मासे खावचे झाले काय रे?"

"नाही बाबा. पाटी अजून आहे."

"चाळीसाच्या वर वर्सां झाली मरे," ते म्हणतात, आणि फोन आईकडे देतात.